बाजारहिस्सा वाचताना या चुका टाळा

ठाण्यात गोखले रोडवर माझ्या मेहुण्याचं मोबाइलचं दुकान आहे. मार्च-एंडला त्याच्या वह्या मी बघतो. यंदा त्याने फोनवरचा एक तक्ता माझ्यापुढे धरला. "भावोजी, जगात दर पाच फोनांत जेमतेम एक आयफोन. मग एवढा कसला तोरा?"

तोरा पैशांचा. 2024 च्या आर्थिक वर्षात ॲपलने सुमारे 391 अब्ज डॉलरच्या विक्रीवर सुमारे 94 अब्ज निव्वळ नफा कमावला. (हा अख्ख्या कंपनीचा, नुसत्या फोनचा नाही. हीसुद्धा नेहमीची गल्लत.)

नग आणि गल्ला एकच समजू नका

समजा, दिवसात दहा फोन गेले. आठ बारा हजारांचे, दोन ऐंशी हजारांचे. महाग फोनांचा हिस्सा नगांत वीस टक्के, पण पैशांत साडेबासष्ट. आता फोन बनवणाऱ्या कंपन्यांचा नफा. शाओमीने 2018 मध्ये जाहीरच केलं होतं की हार्डवेअरवर निव्वळ नफा पाच टक्क्यांवर जाऊ देणार नाही. तोच दर स्वस्त फोनांना लावा, महागांना पंचवीस धरा: एका बाजूला 4,800 रुपये, दुसऱ्या बाजूला 40,000. नगांतले वीस टक्के नफ्यातले जवळपास नव्वद झाले.

त्यात 2018 च्या अखेरीपासून ॲपल आयफोनचे नग जाहीरच करत नाही. आपण वाचतो तो बाहेरच्या संस्थांचा अंदाज.

शिपमेंट म्हणजे खप नव्हे

मेहुण्याच्या काउंटरखाली एका ब्रँडचे डबे छातीपर्यंत रचलेले. स्कीमचं टार्गेट गाठायला डिस्ट्रिब्युटरने गळ्यात मारलेला माल. वरच्या डब्यावर बोट फिरवलं तर धूळ निघते. शिपमेंटच्या, म्हणजे कंपनीने दुकानांकडे धाडलेल्या मालाच्या, तक्त्यात मात्र हे फोन कधीच 'गेलेले' असतात! एखाद्या कंपनीचा हिस्सा एकदम उसळला तर पुढच्या तिमाहीत तिच्या सवलती वाढतात का ते बघा. ताळेबंदात येणेबाकी (माल दिला, पण पैसे यायचेत ती रक्कम) विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल, तर माल वाटेत कुठेतरी तुंबलाय.

तिमाहीही जपून निवडा. नवे आयफोन सहसा सप्टेंबरात येतात. ऑक्टोबर ते डिसेंबरचा आकडा एप्रिल ते जूनशी ताडून 'घसरण' म्हणणं म्हणजे दिवाळीचा गल्ला आषाढाशी ताडणं.

हिस्सा विकत घ्यायला गेल्यावर काय होतं, हेही ॲपलने भोगलंय. 1995 मध्ये तिने दुसऱ्यांना मॅक या आपल्या संगणकासारखे संगणक बनवायचे परवाने दिले. विंडोजची गिऱ्हाइकं फुटतील ही आशा. फुटली ती मुख्यतः तिचीच, आणि त्यातही महागातली. 1997 मध्ये तोटा एक अब्ज डॉलरपलीकडे गेला (कारणं इतरही होती), आणि त्याच वर्षी स्टीव्ह जॉब्सने ते प्रकरण गुंडाळलं.

उलटी चूकही करू नका

'नफा आहे ना, मग हिस्सा गेला चुलीत,' असं म्हणणारे शेअरबाजारात पुष्कळ भेटतात. फेब्रुवारी 2011 ला संपलेल्या वर्षात ब्लॅकबेरी फोनवाल्या कंपनीचा निव्वळ नफा सुमारे 3.4 अब्ज डॉलर होता, तर अमेरिकेत हिस्सा ढासळत होता. तीन वर्षांनी तोटा 5.9 अब्जांच्या घरात. वापरणारे कमी झाले की ॲप बनवणारे फिरकत नाहीत, ॲप नाहीत म्हणून उरलेलेही जातात. नफ्यात हे उशिरा दिसतं. म्हणून मी नगांचा तक्ता फेकून देत नाही, पण त्यापुढे वापरात असलेल्या फोनांची संख्या शोधतो.

मेहुण्याच्या वहीत महाग फोनावरचं मार्जिन टक्क्यांत सगळ्यात बारीक निघालं. खरी कमाई कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासची. ॲपलचंही थोडंफार तसंच: 2024 मध्ये वस्तूंवर सकल नफा (विक्रीतून फक्त माल-सेवा पुरवण्याचा थेट खर्च वजा करून उरतो तो) सुमारे 37 टक्के, ॲप स्टोअरसारख्या सेवांवर 74. हे ऐकून तो खूश झाला, आणि मग शिल्लक मालाची यादी काढली. त्यात तीन फोन असे की ज्यांचा चार्जरही आता मिळत नाही.