टायफॉइडची लस: उन्हाच्या धास्तीनं गोठवू नका

एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो आणि लस तापेल या भीतीनं लस नेण्याच्या कॅरिअरमध्ये (थंड पेटीत) बर्फ ठासून भरला जातो. टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून केलेली) तिथंच गोठून वाया जाते. तिला २ ते ८ अंश हवेत. गोठलेली कुपी फेकूनच द्यावी लागते.

डीप फ्रीझरमधला आईस पॅक शून्याच्या बराच खाली असतो. तो ओट्यावर सुटा ठेवा, अधूनमधून कानाशी धरून हलवा. आत पाणी डबडबलं की तो भरायच्या लायकीचा झाला. उन्हाळ्यात हे लवकर होतं, थंडीत उशिरा, म्हणून घड्याळाकडे न बघता आवाज ऐका. पॅक पुसून चारही बाजूंना लावा. कुप्या झिपच्या पिशवीत घालून मध्ये ठेवा, नाहीतर ओल्यानं लेबल सुटतं आणि बॅच नंबर, मुदत दोन्ही जातात. अक्कलकोट-मोहोळला नेताना कॅरिअर सावलीत ठेवा, वाटेत उघडू नका.

धनुर्वाताच्या लशीसारखी हलवून तपासणी इथं उपयोगाची नाही. त्या लशीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, गोठल्यावर त्याचे कण गोळा होऊन भरभर तळाशी बसतात. टायपबार टीसीव्ही या टायफॉइडच्या कॉन्ज्युगेट लशीत तो क्षारच नाही, त्यामुळे गोठून वितळलेली कुपीही चांगल्या कुपीसारखीच दिसते. कुपीवरचा व्हीव्हीएम (उष्णतेनं रंग बदलणारी खूण) सुद्धा फक्त उष्णता सांगतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की लस बाद, पण गोठणं त्यावर कळत नाही. भरवसा थर्मामीटरचाच. सकाळ-संध्याकाळ नोंद करा.

दवाखान्यातल्या साध्या फ्रीजमध्ये लस मधल्या कप्प्यात ठेवा. दारात किंवा फ्रीझरच्या लगत नको. रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर वीज गेल्यावर थंडावा टिकतो. तेवढ्या वेळात दार उघडू नका.

डोस ०.५ मिली, स्नायूत, सहा महिन्यांपासून पुढे. तान्ह्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, मोठ्यांना दंडात. नंतर अर्धा तास बसवून ठेवा.

ही लस पॅराटायफॉइड (टायफॉइडसारखाच, पण वेगळ्या जंतूचा ताप) रोखत नाही. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि घरोघरी ते साठवलं जातं. तेव्हा टोचतानाच आईला सांगा, प्यायचं पाणी उकळा, झाकून ठेवा आणि हात न बुडवता ओगराळ्यानं काढा.