काम तेच, पगार कमी: फरकाचा दावा कसा मांडायचा

वेतन संहिता, २०१९ लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून, आणि १९७६ चा समान वेतन कायदा तिच्यात सामावला गेला. कलम ३ नुसार एकाच मालकाकडे सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम करणाऱ्यांच्या पगारात लिंगावरून फरक करता येत नाही. सुपरवायझर, मॅनेजरही यात येतात.

दावे फसतात ते तुलनेत. हुद्दा बाजूला ठेवा. पॅकिंग लाईनवर तो ‘ऑपरेटर’ आणि ती ‘हेल्पर’, पण दोघंही तेच सीलिंग मशीन चालवतात, असं सर्रास दिसतं. कायदा चार गोष्टी बघतो: कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी, शिवाय कामाची परिस्थिती सारखी हवी. व्यवहारात ज्याला महत्त्व नाही असा किरकोळ फरक धरला जात नाही. तो अधूनमधून एखादं खोकं उचलतो, हा किरकोळ फरक. रात्रपाळीत अख्खी लाईन एकट्याने सांभाळतो, ही मात्र वेगळी जबाबदारी. म्हणून तुलनेसाठी साधारण त्याच सुमारास लागलेला, तेच काम करणारा सहकारी निवडा. दहा वर्षं जुना माणूस घेतलात, तर मालकाला अनुभवाचं कारण आयतंच मिळतं. शेजारच्या कंपनीतला तर चालतच नाही.

मग आकडे. हातात पडणारा पगार धरू नका. कर्जाचे हप्ते, पीएफ यांनी तो प्रत्येकाचा वेगळा असतो. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे, प्रवास भत्ता आणि ओव्हरटाईम असे रकाने करून महिनावार फरक काढा. एरवी ‘वेतना’तून वगळलेले घरभाडे, प्रवास भत्ता, ओव्हरटाईम समान वेतनाच्या हिशोबात धरायचे असतात, हे अनेकांच्या नजरेतून सुटतं. बोनस आणि ग्रॅच्युइटी मात्र बाहेर ठेवा.

सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, ड्युटी चार्ट आणि काम सोपवल्याचे मेसेज लावा. सहकाऱ्याची स्लिप चोरून मिळवू नका. त्याने आपणहून दिली तर उत्तम. आधी मालकाला लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी विचारल्याचा पुरावा उरत नाही.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. तो नेमका कोण, हे कामगार आयुक्त कार्यालयात कळेल. बँका, रेल्वे, खाणी केंद्राच्या अखत्यारीत येतात. अर्ज स्वतः किंवा नोंदणीकृत युनियनमार्फत करता येतो. मुदत तीन वर्षांची. उशिराला सबळ कारण असेल तर नंतरही अर्ज घेतला जाऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. दावा मान्य झाला तर फरकाच्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. निकालाविरुद्ध अपिलाला ९० दिवस मिळतात.

‘युनियनशी तसाच करार झालाय’ आणि ‘कंपनीला परवडत नाही’ ही उत्तरं हमखास येतात. मॅकिनन मॅकेंझी कंपनीतल्या स्त्री स्टेनोग्राफरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच ही दोन्ही कारणं फेटाळली. पुरुषांचा पगार खाली आणून फरक मिटवायलाही कायद्याची मनाई आहे. त्यामुळे ‘तुझ्यामुळे आमचा पगार कापतील’ असं कोणी म्हणालं, तर त्याला कलम ३ दाखवा.