कॅराव्हॅनमधल्या गादीला कुबट वास येतोय? खालचा प्लाय बघा

बेडची गादी सरळ प्लायवर टाकलेली असेल तर एकदा उचलून खालची बाजू चाचपून बघा, बऱ्याचदा ओलसर लागते. छत गळत नसतं हो, आपल्याच घामाची नि श्वासाची वाफ गादीतून खाली उतरते आणि थंड प्लायवर तिचं पाणी होतं, मग काळे ठिपके, बुरशी. पावसाळ्यात आंबोली-महाबळेश्वरला तर विचारूच नका.

उपाय सोपाय. ड्रिलला होल सॉ (मोठी गोल भोकं पाडणारं दातेरी पातं) लावून प्लायला २५-३० मिमीची भोकं पाडायची, साधारण वीतभर अंतराने, फक्त जिथे खालून फ्रेम किंवा वायर जाते तिथे नाही (आधी वाकून बघा!). भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासून वार्निशचा हात मारा, नाहीतर प्लाय तिथूनच फुगतो. वर काथ्याची चटई, मग गादी. आणि बेडखालच्या खणात सामान ठासून भरलं तर हवा फिरणार कुठून, थोडी जागा सोडा. झोपताना खिडकीला फट हवीच, थंडी वाजली तरी.

हां, आणि घाटात कपाटांची दारं उघडत असतील तर चुंबकाच्या भरवशावर राहू नका, पुश लॉक (बटण दाबल्याशिवाय न उघडणारं) लावा.