ऑनलाइन मागवलेला फवारणी पंप खराब निघाला? परत करताना या चुका टाळा

बॅटरीचा पंप मागवला जातो जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत. पार्सल येतं आणि खोकं तसंच कोठ्यात पडून राहतं. पुढे पऱ्हाटीवर मावा-तुडतुडे दिसले की पंप बाहेर निघतो, आणि तेव्हा कळतं की प्रेशरच नाही. परतीची मुदत, अनेक ठिकाणी सात किंवा दहा दिवसांची, तोवर उलटून गेलेली असते. ही मुदत पार्सल हातात पडल्याच्या तारखेपासून मोजतात, पहिल्या वापरापासून नाही.

म्हणून पार्सल आलं त्याच दिवशी पंप तपासा, आणि फक्त साध्या पाण्यावर. टाकीत एकदा औषध पडलं की पंप 'वापरलेला' ठरतो आणि पिकअपवाला वासावरूनच परत घ्यायला नकार देतो. यात त्याची चूकही नाही. कीटकनाशकाची टाकी इतर पार्सलांसोबत नेणं धोक्याचंच आहे.

बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढून दोन तास थांबा आणि मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चांगली असेल तर १२.६ किंवा त्याहून जास्त दाखवते. मग टाकी भरून पंप अर्धा तास चालवा. चालू पंपावर आकडा १०.५ च्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर आहे. मात्र गावात लाइन रात्रभर ये-जा करत असेल, तर चार्ज खरंच पूर्ण झाला होता का हे आधी बघा. जाहिरातीत 'बारा बाय बारा' (१२ व्होल्ट, १२ अँपिअर-तास) आणि आत 'बारा बाय आठ' ही फसवणूक वजनावरून पकडता येते: आठ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण सव्वादोन ते अडीच किलो भरते, बाराची साडेतीनच्या आसपास. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून फोटो काढा.

ट्रिगर सोडल्यावर मोटर दोन-चार सेकंदांत बंद व्हायला हवी. ती घरघरतच राहिली तर प्रेशर स्विच खराब आहे किंवा पाइपच्या जोडात गळती आहे. मोटर चालते पण पाणी येत नाही, असं नव्या पंपात हवा अडकल्यानेही होतं. नोझल काढा, एक-दोन मिनिटं पंप चालू ठेवा, टाकीच्या तळाची जाळी बघा. एवढं केल्यावरही पाणी आलं नाही, तरच तक्रार लिहा.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ मध्ये न थांबवता काढावा: आधी पत्त्याचं लेबल, मग न फाडलेली टेप, मग आतली प्रत्येक वस्तू. तक्रारीत नुसतं 'पंप खराब आहे' लिहू नका. 'पूर्ण चार्जनंतर वीस मिनिटांत बंद, चालू असताना १०.१ व्होल्ट' असं मोजून लिहिलं की नुसता नकार देणं विक्रेत्याला अवघड जातं.

खेड्यात खरी अडचण पिकअपची. 'तुमच्या पिनकोडवर रिटर्न पिकअप नाही' हे बऱ्याचदा परतीच्या वेळीच कळतं. ऑर्डर देण्याआधीच ते विचारून घ्या. स्वतः पाठवायची वेळ आली तर तालुक्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती रिफंड खात्यात येईपर्यंत सांभाळा. मात्र फुगलेली किंवा गळकी बॅटरी पार्सलमध्ये घालू नका; ती कशी पाठवायची हे विक्रेत्याकडून लेखी मागा. पिकअपवाला 'सिस्टिम बंद आहे, वस्तू घेतल्याचा मेसेज नंतर येईल' म्हणत असेल तर वस्तू हातात देऊ नका.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, ॲपमधूनच घ्या. रिफंड घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

मुदत संपली म्हणून गप्प बसणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीशी जुळत नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं. ते झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

परतीच्या या हक्काला एक अपवाद नीट लक्षात घ्या: बंदी असलेला माल. ई-सिगारेट किंवा व्हेप इन्स्टाग्राम-टेलिग्रामवरून मागवणारी पोरं आता गावातही आहेत. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, वाहतूक, साठवण आणि जाहिरात, ऑनलाइनसुद्धा, बंद आहे. विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे तिथे ना बिल, ना वॉरंटी, ना परती. मुलाने मागवलं असेल तर 'बदलून घे' म्हणू नका. सवय लागली असेल तर तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६.

पंपाचं प्रकरण हेल्पलाइनवर मिटलं नाही, तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विक्रेता दिल्ली-सुरतचा असला तरी चालतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. बिल मात्र तुमच्याच नावावर हवं. तालुक्यातल्या ओळखीच्या दुकानाच्या पत्त्यावर पार्सल मागवलंत, तर पत्ता दुकानाचा द्या, नाव आणि मोबाइल नंबर स्वतःचा. दुकानाच्या जीएसटी नंबरावर बिल निघालं की समोरचा 'ही व्यापारी खरेदी आहे' असा मुद्दा काढतो. स्वतःच्या शेतीसाठी, पोटापाण्यासाठी घेतलेला पंप मात्र ग्राहकाचीच खरेदी धरली जाते.