सेमिस्टरला लिखाणाची तीन-तीन कामं आणि पोटात गोळा? मी यावेळी काय करणारे ते सांगतो

नव्या सेमिस्टरचा सिलॅबस मिळाला आणि मी पहिलं काय केलं तर शब्द मोजले. १००० चा एक निबंध, १५०० चा दुसरा, आणि शेवटी ३००० चा रिसर्च पेपर, म्हणजे झाले साडेपाच हजार. गेल्या वर्षी याच्या निम्म्याला माझी तंतरली होती. सगळं शेवटच्या रात्री लिहिलं, मार्क बरे पडले, पण नंतर ती फाइल उघडून वाचवेना. यावेळी एवढीच इच्छा आहे की एक तरी पेपर असा व्हावा की वर्षभराने उघडला तरी लाज वाटू नये. तर गेल्या वर्षी आपटून जे कळलं आणि सीनियर्सकडून जे ऐकलं ते इथे टाकतोय, तुमच्याही कामाला येईल.

आधी दिलेला प्रश्न नीट वाचा, खरंच नीट. त्यातलं क्रियापद शोधा आणि त्याला गोल करा. ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’, ‘चिकित्सा करा’ ही तीन वेगळी कामं आहेत. मला तुलना करायला सांगितली होती आणि मी अर्धा पेपर पहिल्या गोष्टीवर आणि अर्धा दुसऱ्यावर लिहून मोकळा झालो, सरांनी खाली फक्त दोन शब्द लिहिले, ‘तुलना कुठंय?’ तुलना म्हणजे एकच मुद्दा घ्यायचा, त्यावर दोघांना शेजारी उभं करायचं, मग पुढचा मुद्दा. हे तेव्हा कळलं असतं तर!

मग विषय. इथे सगळ्यात जास्त वेळ घाला कारण बाकीचं सगळं यावरच उभं राहतं. आपण काय करतो, ‘सोशल मीडिया आणि तरुणाई’ असलं काहीतरी घेतो, वाटतं केवढं मटेरियल मिळेल, आणि मिळतंच, पण तेवढ्यात आपण बुडतो. विषय नको, प्रश्न हवा. म्हणजे बघा: सोशल मीडिया आणि तरुणाई, त्यातून फक्त पहिल्या वर्षाची मुलं, त्यातून फक्त झोप, आणि मग ‘रात्री उशाशी फोन ठेवणाऱ्या मुलांची सकाळची लेक्चर्स जास्त बुडतात का?’ आता काय शोधायचं ते माहितीये, काय सोडायचं तेही माहितीये. प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकता येत नसेल तर तो अजून विषयच आहे असं समजा.

वेळेचं गणित. १९९४ मध्ये मानसशास्त्राच्या काही संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसात संपेल? सरासरी उत्तर आलं जवळपास ३४ दिवस. आणि सगळंच बिनसलं तर? तर ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले साधारण ५५! म्हणजे सगळं बिघडेल असं धरून सांगितलेला आकडासुद्धा कमीच पडला. हे वाचून मला आधी हायसं वाटलं की चला आपणच एकटे नाही, आणि मग मी माझ्या प्रत्येक अंदाजाला सरळ दीडने गुणायला लागलो. दोन दिवस वाटले की कॅलेंडरवर तीन. आणि उलटं मोजा, सबमिशनच्या तारखेपासून मागे या: शेवटचे तीन दिवस फक्त दुरुस्तीला, त्याआधी कच्चा ड्राफ्ट संपलेला, त्याआधी वाचन.

वाचताना एक सवय लावूनच घ्या. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं की लगेच अवतरणचिन्ह आणि पान नंबर, तिथल्या तिथे. नंतर करू म्हणालात की गेलं, तीन आठवड्यांनी वहीतलं वाक्य आपलं की लेखकाचं हे देवालाही सांगता येत नाही आणि चोरीचा शिक्का असाच बसतो, बऱ्याचदा चोरी न करताच. रेफरन्स ठेवायला झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते एपीए, एमएलए (संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धती) यातलं जे काही मागितलं असेल त्या पद्धतीत यादी करून देतं, फक्त एकदा नजर घाला कारण नावातली गडबड तेही तशीच उचलतं. विकिपीडिया वाचा बिनधास्त, पण रेफरन्स म्हणून तो देऊ नका, पानाच्या तळाशी जे संदर्भ असतात तिथे जा. आणि एआयला रेफरन्स मागत असाल तर प्रत्येक नाव स्वतः शोधून बघा, कारण ते अस्तित्वात नसलेले पेपरसुद्धा बिनदिक्कत सांगतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी एआयने रचलेल्या, कधी झालेच नव्हते अशा खटल्यांचे दाखले कोर्टात दिले आणि ५००० डॉलरचा दंड बसला. वकिलांचं हे, तर आपलं काय!

आता कोरं पान. माझी सगळ्यात मोठी भीती हीच. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे प्रस्तावनेने सुरुवात करायचीच नाही. मधला जो मुद्दा सगळ्यात जास्त येतो तो आधी लिहायचा, २५ मिनिटांचा टायमर लावायचा आणि मागे जाऊन एक अक्षर खोडायचं नाही. वाईट लिहिलं तर लिहिलं, कोण बघतंय. प्रस्तावना आधी लिहिली की काय होतं माहितीये, ‘आजच्या धकाधकीच्या युगात सोशल मीडिया ही काळाची गरज बनली आहे.’ हे वाक्य मी स्वतः लिहिलंय, लपवत नाही. त्यातला सोशल मीडिया काढून छत्री टाका, तरी चालतंय! पेपर पूर्ण झाल्यावर तीच सुरुवात मी अशी केली: ‘रात्रीचा एक वाजलेला असतो, सकाळी आठला लेक्चर असतं आणि उशीशेजारी फोन परत उजळतो.’ फार भारी नाहीये, पण निदान छत्रीला लागू होत नाही.

ड्राफ्ट झाला की एक दिवस त्याच्याकडे बघू नका. मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी एका ओळीत लिहा की हा काय सांगतोय. दोन परिच्छेदांना एकच ओळ आली तर एक उडवा, ओळ सुचलीच नाही तर तो नुसताच भराव आहे. हे झाल्यावर मोठ्याने वाचा, दार लावून. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, आधी नको, उडवायच्या वाक्यातल्या वेलांट्या कशाला सुधारत बसायचं.

सर-मॅडमना विचारायची लाज मला अजून वाटते. पण ‘सर, बघता का जरा’ असं म्हटलं की ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा, ‘दुसऱ्या मुद्द्याला हा पुरावा पुरेसा आहे का?’ मग बोलतात, भरपूर बोलतात.

फाइल दोन ठिकाणी सेव्ह करा आणि नावात तारीख टाका, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ यातली कुठली खरी हे सबमिट करताना कळत नाही (मी चुकीची दिलीये एकदा, त्यात मधेच ‘इथे काहीतरी लिही’ असं होतं).

माझा पहिला निबंध तिसऱ्या आठवड्यात द्यायचाय. प्रश्न ठरलाय, दोनशे शब्द झालेत, दोनशेही भिकार आहेत. टायमर लावतो परत.