आजीच्या आठवणी कशा लिहून ठेवाव्यात

आजीविषयी लिहायला बसलेल्या बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते: ‘माझी आजी अतिशय प्रेमळ होती.’ ते खरे असते, मनापासून लिहिलेले असते, आणि तरीही त्यातून कोणाचीच आजी डोळ्यांसमोर उभी राहत नाही, कारण ते कोणाच्याही आजीला लागू पडते. असे वाक्य लिहून झाले की स्वतःला विचारावे, हे प्रेम आपल्याला कळले कशावरून? ताप असताना कपाळावर हात ठेवण्याआधी तो गार नाही ना, हे ती स्वतःच्या गालाला लावून पाहत असे, की आपण झोपलो असे समजून पांघरूण सारखे केल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहत असे? अशी एखादी कृती हाती लागली की ‘प्रेमळ’ हा शब्द गाळून टाकता येतो. विशेषण मागे ठेवून कृतीपर्यंत पोहोचणे हेच या लेखनातले खरे काम आहे.

सलग लेख लगेच लिहायला घेऊ नये. एक लहान वही जवळ ठेवून काही आठवडे केवळ टिपणे करावीत, आणि तीही दोन-तीन ओळींची, जशी सुचतील तशी. आठवण बोलावल्याने येत नाही, ती दुसऱ्या कशाच्या तरी मागोमाग येते. तिला वाट करून देण्याचा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे आजी राहत होती त्या घराचा नकाशा काढणे. चित्रकला येत नसली तरी अडत नाही. दार कोठे होते, खिडकीतून काय दिसे, तिची बसायची जागा कोणती, चष्मा आणि औषधे ती कोठे ठेवी, कोणत्या कपाटाला हात लावण्याची आपल्याला मनाई होती, हे कागदावर मांडत गेले की प्रत्येक कोपऱ्याला जोडलेले काहीतरी वर येते. पाहिलेल्या गोष्टींवरच थांबू नये. तिच्या चालण्याचा आवाज, उठताना तोंडून निघणारा शब्द, तळहाताचा खरखरीतपणा, कपाट उघडल्यावर येणारा वास, हे सारे वहीत यावे. वासाकडे तर विशेष लक्ष द्यावे, कारण गंधाचे संदेश मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत इतर इंद्रियांच्या संदेशांपेक्षा अधिक थेट पोहोचतात, आणि वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुधा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

जुनी छायाचित्रे मात्र या टप्प्यावर बाहेर काढू नयेत. छायाचित्र वारंवार पाहिले की त्यातली आजी मनातल्या आजीवर मात करते आणि पुढे आपल्याला ती आठवते आहे की तिचा फोटो, हेच उमगेनासे होते. आधी मनातले लिहून काढावे, मग अल्बम उघडावा, आणि फोटो पाहून नव्याने सुचलेले वेगळ्या पानावर लिहावे.

लहानपणीच्या आठवणींच्या काही मर्यादा आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. मोठेपणी बहुतेकांना वयाच्या साधारण तीन ते साडेतीन वर्षांपूर्वीचे काहीच आठवत नाही. त्यामुळे आजीने आपल्याला पहिले पाऊल टाकताना धरले होते, ही आठवण कितीही स्पष्ट भासली तरी ती बहुधा कोणीतरी सांगितलेली असते. आठवण कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी जशीच्या तशी राहत नाही, दर वेळी ती नव्याने रचली जाते. केंब्रिजमधील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या माणसांनी नकळत अनोळखी तपशील गाळलेले आणि उरलेले आपल्या समजुतीप्रमाणे बदललेले आढळले. मानसशास्त्राच्या अमेरिकी अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात तर २४ जणांना, ते लहानपणी बाजारसंकुलात हरवले होते असे खोटेच सांगण्यात आले, तेव्हा त्यांतील सुमारे चौथा हिस्सा तो प्रसंग पूर्णतः किंवा अंशतः आठवत असल्याचे सांगू लागला. यामुळे खचून जाण्याचे कारण नाही. टिपणाच्या समासात फक्त खूण करावी: हे मी स्वतः पाहिले, हे मला सांगितले गेले, हा माझा अंदाज. ऐकीव आठवणही कुटुंबाची ठेवच असते. ती कोणाकडून आली एवढे मात्र लिहून ठेवावे.

लिहायला घेताना आणखी एक फरक सांभाळावा. आजीबरोबर घालवलेला बहुतेक काळ नित्याचा असतो, आणि शेकडो सारख्या दुपारींची मनात एकच दुपार होऊन बसते. मराठीत ही सोय आयतीच आहे: जे नेहमी घडे त्यासाठी ‘ती दाराशी बसे, वाट पाहत राही’ अशी क्रियापदे वापरावीत आणि जे एकदाच घडले त्यासाठी ‘त्या दिवशी ती दाराशी नव्हती’ असे लिहावे. नित्याच्या वर्णनानंतर असा एखादाच वेगळा दिवस आला की वाचणारा सावध होतो, आणि आजीचा स्वभाव बहुधा त्या वेगळ्या दिवशीच सर्वांत स्पष्ट दिसतो.

तिच्या बोलण्यासाठी कितीही पाने खर्ची पडली तरी मी ती जास्त म्हणणार नाही. ती आपल्याला कोणत्या नावाने हाक मारी, रागावली की त्या नावाचे काय होई, गोष्ट सांगताना कोठे थांबे, निरोप देताना शेवटचे काय म्हणे, हे जसेच्या तसे लिहावे. तिची बोली प्रमाण भाषेत सुधारून घेऊ नये. तिचे उच्चार, चुकीचा म्हणून आपण ज्याला हसलो तो शब्द, अर्धवट सोडलेली वाक्ये, यांतच तिचा आवाज आहे आणि तो एकदा शुद्ध केला की परत मिळत नाही. मात्र जे शब्द खरोखर आठवत नाहीत ते अवतरणचिन्हांत घालू नयेत. तेथे ‘अशा अर्थाचे काही म्हणाली’ एवढे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

यानंतर भावंडांना विचारावे. सख्खी, चुलत, आते, मामे, मावस, जी कोणी त्या घरात वावरली त्या सर्वांना विचारावे, पण एकेकट्याला आणि आपले लिहून झाल्यावरच, कारण एकत्र बसले की सर्वांत ठाम बोलणाऱ्याची आठवण सगळ्यांची होऊन जाते. ‘ती कडक होती, नाही का?’ असे न विचारता ‘ती रागावली की काय करी?’ असे विचारावे. उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही ठेवावीत. थोरल्या नातवाची आजी आणि धाकट्या नातवाची आजी या वयाने, तब्येतीने आणि कधीकधी स्वभावानेही वेगळ्या असतात.

आजी हयात असेल तर बाकी सारे बाजूला ठेवून आधी तिच्याशी बोलावे. शांत खोली निवडावी, पंखा बंद ठेवावा, फोन विमान मोडवर टाकून तिच्या जवळ ठेवावा आणि ध्वनिमुद्रण करत आहोत हे सांगून तिची परवानगी घ्यावी. एका वेळी तासाभराहून अधिक बसू नये. माणसांना उतारवयात साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग अधिक आठवतात. म्हणून ‘मी लहान असताना’पासून सुरुवात न करता ती स्वतः मुलगी होती तेव्हापासून विचारावे. ती थांबली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये, कारण अनेकदा महत्त्वाचे त्या थांबण्यानंतरच येते. साल चुकले तर दुरुस्त करू नये. विसरण्याचा आजार असेल तर ‘मी कोण, ओळख पाहू’ अशी परीक्षा तर कधीच घेऊ नये. एखादी ओळखीची वस्तू हातात द्यावी आणि जे येईल ते ऐकावे.

एक साधा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. आपण सहा वर्षांचे होतो तेव्हा आजीचे वय नेमके किती होते? आपल्याला जख्ख म्हातारी वाटलेली ती बाई कदाचित पंचावन्न वर्षांची असते, आणि आज हे लिहिणारा कधीकधी त्याच वयाचा असतो. तिचे नाव, शिक्षण, तिने केलेले आणि तिला करता न आलेले काम, तिचे दुखणे, तिच्या मैत्रिणी, हे लिहिल्यावाचून तिचे चित्र पुरे होत नाही. तिचा पक्षपात, तिची कठोर वाक्ये, आईशी तिचे न पटणे, हेही आठवत असेल तर दडपू नये. त्याने तिचे प्रेम उणे होत नाही, आणि ते वगळले तर ती देव्हाऱ्यातली मूर्ती होते, माणूस राहत नाही.

लेखाची रचना जन्मापासून मृत्यूपर्यंत करण्याची गरज नाही. एका पानावर एक आठवण पुरते.

शेवटी जतन. मूळ छायाचित्रे चिकट पानांच्या अल्बममध्ये ठेवू नयेत, कारण तो गोंद कालांतराने फोटो खराब करतो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, कडेला आणि हलक्या हाताने नावे व अंदाजे साल लिहावे. गुळगुळीत थराच्या कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर वेगळी चिठ्ठी जोडावी. लहान फोटो किमान ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके या सूक्ष्मतेने, स्कॅन करावेत. लेखन, फोटो आणि ध्वनिमुद्रण यांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी, अशी व्यवस्था ठेवावी. प्रत्येक पानाखाली स्वतःचे नाव व लिहिल्याची तारीख घालावी, आणि पुढे काही वेगळे आठवले किंवा कोणी चूक दाखवली तर जुना मजकूर न खोडता त्याखाली नव्या तारखेने भर घालावी.