पितळी कडी-कोयंडे घासताय? आधी या चुका टाळा

महालक्ष्म्या जवळ आल्या की नागपुरात, महाल भागातल्या जुन्या वाड्यांत तर हमखास, दाराच्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या घासायला निघतात. चिंचेचा कोळ, मीठ, ताकद लावणारा एक हात, आणि सुरुवात. पण समोरची वस्तू खरंच पितळेची आहे का, हे कुणी बघत नाही.

लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरचा पितळी मुलामा घासाल तसा उडेल. नाही चिकटला म्हणून लगेच खूश होऊ नका, जस्ताच्या ओतीव हँडललाही तो चिकटत नाही. मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला बारीक ओरखडा काढा. आत पांढुरका धातू दिसला तर फक्त ओल्या फडक्याने पुसायचं. तरी शंका राहिली तर ती वस्तू दारावरून काढून इतवारीच्या भांडे ओळीत दाखवा.

नव्या हँडलांवर बहुधा पारदर्शक लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा लेप, असतो. तो जागोजागी निघतो आणि तिथलंच पितळ काळं पडतं. अशा हँडलवर कितीही चिंच चोळा, लॅकरखाली ती पोहोचतच नाही. हँडल दारावरून काढून, खिडकी उघडी ठेवून, थिनरने लॅकर पूर्ण उतरवा आणि मगच पॉलिश करा.

घासल्यावर पितळ गुलाबी दिसतंय? आंबट जास्त वेळ राहिलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जस्त आधी विरघळतं आणि पृष्ठभागावर तांबं उरतं. घाबरू नका, हा थर बहुधा पातळ असतो. धातूच्या पॉलिशने मऊ कापडावर घासला की निघतो. पुढच्या वेळी कोळ लावून दोन-तीन मिनिटांत धुवा, थोड्या खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. बोअरचं जड पाणी तसंच वाळलं तर पांढरे डाग पडतात, तो वेगळाच ताप.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड कड्यांना लावणारेही आहेत. कृपा करून नको. अमोनियाचे क्लीनरही टाळा, ताणाखालच्या पितळेला त्याने बारीक भेगा जाऊ शकतात. तारेच्या घासणीचे ओरखडे तर कायमचेच. कोपऱ्यांना जुना टूथब्रश पुरतो.

कडी दारावरच ठेवून कोळ चोळू नका. सागवानात तो मुरतो, आणि लोखंडी खिळा जवळ असेल तर लाकडावर काळा डाग उठतो. नक्षीत पॉलिशची पांढरी पूड अडकते ती निराळी.

आपल्याकडे पावसाळी दमटपणात उजळलेलं पितळ लवकर मंदावतं. कोरड्या कडीवर बोटाने मेणाचा पातळ थर फिरवून कापडाने चकाकवा. खोबरेल तेलही चालतं, पण त्यावर धूळ बसते.

परत बसवताना पितळी स्क्रू फार आवळू नका. मऊ धातू, खाच लगेच झिजते. भोक सैल झालं असेल तर आधी त्यात लाकडाची काडी गोंद लावून बसवा.